तासभर आधीचं मलम

नर्सबाईंनी तात्यांच्या छातीवरचा प्लास्टिकचा कागद सोलला, खालचं मलम पुसलं आणि सुईचं पाकीट फाडणार, तोच डॉक्टर स्वतः आत आले. कीमोच्या सुईसाठी कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या पोर्टकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आता सुई नको, तात्या. औषध लागू पडत नाहीये. उगाच हाल कशाला? घरी आराम करा. मिसेसना आत बोलावू?"

"तिला मी सांगतो," तात्या म्हणाले.

तात्यांचा जन्म क्रेन चालवण्यात आणि थापा मारण्यात गेला होता. क्रेनच्या टोकावरून उद्याचा सूर्य आजच दिसतो, हे त्यांनी अर्ध्या वॉर्डाच्या गळी उतरवलं होतं. आज मात्र त्यांनी नुसतं दाराकडे पाहिलं. बाहेर बसलेल्या बायकोने सकाळी घड्याळ समोर ठेवून मलम लावलं होतं. सुईआधी बरोबर तासभर, नाहीतर जागा बधिर होत नाही. आणि आत तीन तास लागतात, हेही तिला पाठ होतं.

"बाई, तेवढी पट्टी चिकटवा. अन् माझी खुर्ची तीन तास मला द्या."

"टोचलंच नाही तर पट्टी कशाला, तात्या?"

"मग टोचा."

नर्सबाईंनी पट्टी चिकटवली.

तात्या नळीशिवाय तीन तास बसले. शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटने नवी थाप मागितली, तर म्हणाले, "माल संपलाय."

बाहेर बाकावर बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने आधी कॉलरमधून डोकावणारी पट्टी पाहिली.

"दुखलं का हो?"

अकरा वेळा तात्यांनी याच बाकापाशी सांगितलं होतं, छे, मुंगी याहून जोरात चावते.

"आज जरा दुखलं गं."

ती कावरीबावरी झाली. "माझंच चुकलं. मला वाटलंच होतं, थर पातळ बसलाय. पुढच्या वेळी जाड लावते. आणि सव्वा तास आधी लावू का?"

तात्यांनी तिच्या मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली.

"दीड तास आधी लाव," ते म्हणाले.