बिशप कधीच चुकत नाहीत

“बिशप कधीच चुकत नाहीत. मान्य?” उंच आसनावरून बिशपनी स्वतःच विचारलं.

खाली अंगणात लाकडं रचून तयार होती. त्यांवर आधी ग्रंथ जळणार होता, आणि हट्ट सोडला नाही तर त्याचा कर्ताही. ‘बिशपही चुकू शकतो,’ एवढंच म्हाताऱ्या तर्कपंडित ऑस्बर्टनी त्यात कोड्यामागून कोडं घालून सिद्ध केलं होतं.

“मान्य,” ऑस्बर्ट म्हणाले.

त्यांच्या विद्यार्थ्यांच्या माना खाली गेल्या. ऑक्सफर्डला तीस वर्षं ते एकच खेळ शिकवत आले होते: समोरच्याचं विधान आधी मान्य करायचं, मग त्यालाच त्यात अडकवायचं. आज मात्र गुरुजी घाबरले, असं सगळ्यांना वाटलं.

ऑस्बर्टनी ग्रंथाचं पहिलं पान उघडलं. “‘ग्रंथ तपासला. एकही चूक नाही.’ खाली मोहोर आपलीच ना, महाराज? म्हणजे ग्रंथ बरोबर.”

“न वाचताच उठवली होती ती!” बिशप भडकले. “चूक झाली माझी!”

ऑस्बर्ट सभागृहातला प्रत्येक शब्द टिपून घेणाऱ्या कारकुनाकडे वळले.

“लिहून घेतलंत ना? आता ग्रंथ खुशाल जाळा.”