घोटीच्या पुढे

"शिट्टी गळ्यात असू दे, खिशात नको," शेवंती म्हणाली. "घाटात गाडी अंगावर आली तर खिसा चाचपायला वेळ मिळत नाही."

जयवंतनं शिट्टी गळ्यात अडकवली. लालबागच्या त्यांच्या चाळीखाली शिर्डीची पालखी सजून तयार होती, ढोल वाजायला लागले होते, आणि हा नवरा अजून चमकत्या जाकिटाच्या चेनशी झटापट करत होता. पायी जायची त्याची पहिलीच खेप.

"आणि उजव्या अंगानं चाला, समोरची गाडी दिसली पाहिजे. घोटीला रस्ता फुटतो. सरळ गेलात तर नाशिक. तुम्ही उजवीकडे वळायचं, सिन्नरला."

"तू काय गाइड लागून गेलीस?"

"लग्नाआधी बाबांबरोबर चालले होते ना मी."

नवस तसा तिनंच बोललेला. मध्ये त्याच्या छातीत दुखलं, तेव्हा ‘बरे झाले तर चालत शिर्डीला येतील’ असं हिनं बोलून टाकलं. दुखणं पित्ताचं निघालं, पण नवस तो नवस. तयारीही तिनंच केली. शिट्ट्या दोन आणल्या. दुसरी कशाला, असं त्यानं विचारलं, तर ‘असावी एक जास्तीची’ म्हणून डब्यात टाकली. मोबाइलवर त्याचं लोकेशन तिला दिसेल असंही करून घेतलं.

"मग तुझंही मला दिसू दे," तो म्हणाला. "तू कुठे आहेस ते मला कळायला नको?"

तेही केलं.

आता जयवंतचं बायकोवरचं प्रेम चाळीला काही नवीन नव्हतं. मागे दोनदा शेवंती रुसून माहेरी निघाली होती. पठ्ठ्यानं एकदा तिला दादरला गाठलं आणि एकदा थेट पनवेलला जाऊन एसटीतून उतरवून आणलं. "बायकोशिवाय करमतच नाही रे याला!" म्हणत अख्खी गॅलरी हसली होती. शेवंती पदर तोंडाला लावून, मान खाली घालून आत गेली. लाजली असणार, दुसरं काय.

पालखी गेली आणि शेवंती खोलीत अडकून पडली. भाजीलासुद्धा खाली उतरायची सोय नाही, कारण त्याचा व्हिडिओ कॉल कधी येईल याचा नेम नव्हता. उचलायला उशीर झाला की तो कासावीस. उचलला की, "कॅमेरा फिरव बघू. दार दाखव. कडी लावलीस?" घरात एकटी बाई म्हटल्यावर माणसाला काळजी वाटणारच. शिवाय तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं. पाटा सरकवताना लचकलं, असं तिनं शेजारच्या लक्ष्मीला सांगितलं होतं.

लक्ष्मीच तिला भाजी आणून द्यायची.

"वहिनी, डोळे फुटतील त्या मोबाइलात बघून. कुठवर पोचले भावोजी?"

"ठाण्याच्या पुढे. अजून जवळच आहेत गं."

"जीव नुसता टांगणीला लागलाय तुमचा!"

"लागलाय खरा," शेवंती म्हणाली. तिच्या पुढ्यातला चहा तसाच गार झाला होता.

शहापूरहून त्याचा फोन आला. "पायाला हे एवढाले फोड आलेत. बस झालं. गाडी पकडतो नि संध्याकाळी घरी येतो."

शेवंतीच्या हातातलं भांडंच निसटलं.

"नको हो!" ती जवळजवळ ओरडलीच. "वाहनात पाय ठेवलात की नवस मोडला! फोड फोडू नका. धुवून पट्टी लावा, वर दोन मोजे चढवा. मंडळाच्या टेम्पोत औषधाची पेटी असेल. रघुदादांना फोन द्या बघू."

रघुदादा मंडळाचे प्रमुख. ते फोनवर आले.

"दादा, त्यांना एकटं सोडू नका. सावकाश चालू देत, पण चालू देत. पाया पडते तुमच्या."

रघुदादांना भरून आलं. बायको असावी तर अशी, असं त्यांनी सगळ्या पालखीत सांगितलं. आता एवढ्या लोकांसमोर जयवंत माघारी कसा फिरणार? चारचौघांत नाक कापून घेण्यापेक्षा फोड परवडले. तो लंगडत लंगडत निघाला.

कसाऱ्याच्या घाटात नकाशावरचा ठिपका अडला. सकाळ गेली, तरी हलेना. शेवंतीच्या तोंडात घास जाईना. देव्हाऱ्यापुढे बसून ती एकच म्हणत राहिली, "देवा, त्यांना सुखरूप पुढे ने. मागे फिरवू नको."

ठिपका हलला. घाट चढला, इगतपुरी मागे पडली. घोटीच्या फाट्यावरून त्याचा कॉल आला.

"वळलो गं उजवीकडे. दार दाखव."

तिनं दाखवलं. कडी लावलेली होती.

"आता मी जरा पडते," ती म्हणाली. "डोकं चढलंय. फोन देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला असेल."

"बरं. पण घराबाहेर पडू नको."

ठिपका सिन्नरच्या रस्त्याला लागेपर्यंत शेवंती बघत राहिली. मग तिनं मोठा श्वास सोडला, फोन देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला लावला, डब्यातली शिट्टी काढून गळ्यात घातली आणि कडी काढली.

लक्ष्मी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "काय वहिनी, पोचले का भावोजी?"

"नाही गं. घोटीच्या पुढे गेले."

"म्हणजे शिर्डी अजून लांबच आहे की."

"हो ना," शेवंती म्हणाली. "आणि लालबागही."

तिनं खांद्यावरची पिशवी सावरली, दाराला कुलूप घातलं, किल्ली फटीतून आत सरकवली आणि जिना उतरली.