वीस वॅट

डोंगरावरच्या खोलीच्या छपरावर एकच सौर पॅनल मावत होतं, म्हणून काय चालवायचं ते आधी ठरवायला हवं होतं. बसवायला आलेल्या मोमीनने कुमुदताईंना यादी वाचून दाखवली: तीन दिवे, इन्सुलिनसाठी लहान फ्रीज, झऱ्यावरचा पंप, एक पंखा.

"बरोबर आहे," टेबलावरच्या डब्यातून श्रीधररावांचा आवाज आला. यादी त्यांनीच केली होती. वीज खात्यात जन्म गेल्यामुळे त्यांचा अंदाज चुकत नसे.

कुमुदताईंनी चष्मा लावला. "अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

"मला चोवीस तास वीस वॅट लागतात. एकदा बंद पडलो की पुन्हा सुरू होणार नाही, हे खरं. पण मला जाऊन सहा वर्षं झाली, कुमुद. पंप तुझ्या जास्त कामाचा."

"जिवंतपणी कधी एक बादली उचलली नाहीत, आणि आता पंपाची काळजी."

त्यांनी पंप खोडला. मग पंखाही खोडला आणि खाली लिहिलं: आमचे हे, वीस वॅट.

मोमीन जरा घुटमळला. "काकू, पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नसतं. तेवढं पुरणार नाही."

"मग दिवेही काढ," त्या म्हणाल्या. "बोलायला उजेड लागत नाही."