गप्प मोबाइल

ॲम्ब्युलन्स बोलावण्याच्या कक्षात अर्धा तास एकही फोन वाजला नव्हता. “तुझी देखरेख शहराला मानवली गं! सगळे ठणठणीत,” फोन घेणाऱ्या मावशी चहा फुंकत म्हणाल्या. शेजारी बसलेल्या नेटवर्कवालीला हसू आलं नाही. कालच तिने सगळी यंत्रं एका सर्व्हरच्या नजरेखाली आणली होती. काही बिघडलं, की तिच्या मोबाइलवर इशारा येणार होता. मोबाइल गप्प होता. तरी तिला खात्री करायची होती. त्याच मोबाइलवरून तिने कक्षाचा नंबर लावला. कानात बीप-बीप, टेबलावरचे तिन्ही फोन ढिम्म. “मावशी, कप ठेवा!” बाहेरची लाइन तुटली होती, आणि तुटल्याचा इशारा तिनेच त्याच लाइनवरून पाठवायचा ठरवला होता! तिने केबल उपसून राखीव लाइनला खुपसली. मग तिन्ही फोन एकदम खणखणले. आधी कुठला उचलावा, मावशींना कळेना.