आबासाहेबांची मिशी

“उडव एकदाची!” आरशाकडे पाठ फिरवून बसलेले मसालासम्राट आबासाहेब गुरकावले.

पण सदोबा न्हाव्याचा हात धजेना. मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर छापलेली ती झुपकेदार मिशी! आबासाहेबांनी कोणालाही न विचारता स्वतःच कलप फासला आणि ती वांग्यासारखी जांभळी झाली. लाजेने ते आठ दिवस बंगल्याबाहेर पडले नाहीत, तर इकडे कंपनीचे शेअर गडगडले आणि फाटकाशी चॅनेलवाल्यांनी ठाण मांडलं. कोणी म्हणे अर्धांगवायू, कोणी म्हणे व्हेंटिलेटर; हुबेहूब त्यांच्यासारखे दिसणारे धाकटे बंधू तातडीने बंगल्यावर आल्याचीही आवई उठली.

अखेर मिशी उतरली. गुळगुळीत ओठावरून बोट फिरवत आबासाहेब उठले. “आता बघच, एकेकाची तोंडं कशी बंद होतात!”

बाल्कनीत जाऊन त्यांनी गर्दीला हात जोडले. गंमत बघायला सदोबाही वस्तरा हातात घेऊनच त्यांच्या मागे उभा राहिला. खाली एकदम शांतता पसरली.

मग खोलीतल्या टीव्हीवर निवेदिकेने डोळ्यांना रुमाल लावला. “बंगल्यात न्हावी आलेला दिसतोय... धाकट्या बंधूंनी मिशी उतरवली आहे... आबासाहेब गेले!”