ड्रायव्हर बसवताना

कॉम्प्युटर पुन्हा म्हणाला, स्कॅनर सापडला नाही. वहिनी ‘बरं’ म्हणाली, तिनं कॉम्प्युटरमधला स्कॅनरचा ड्रायव्हर काढून टाकला आणि पहिल्यापासून बसवायला घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं. मागे खुर्चीत तिचा नवरा बसला होता. दारात नणंद उभी होती आणि तिचं डोकं आता तापायला लागलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, जुने फोटो साफ करून देणं, असं सगळं. दादा, म्हणजे नणंदेचा भाऊ, हे दुकान हातांनी कमी आणि तोंडानं जास्त चालवायचा. गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. एका कागदाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस पोट धरून हसून जायचा. मग झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. हात हळूहळू सावरला. बोलणंही येईल, डॉक्टर म्हणाले, पण त्यासाठी बोलावं लागेल. गप्प बसलात तर आहे तेही जाईल.

त्यानं एकदा प्रयत्न केलाही. गिऱ्हाइकाला ‘बसा’ म्हणायला गेला आणि तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. गिऱ्हाईक हसलं. लोकांना हसवण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते हसणं फार लागलं. त्या दिवसापासून गडी मूग गिळून बसला तो बसलाच. सरावासाठी चित्रं आणली होती: मांजर, छत्री, घड्याळ. पन्नाशी उलटलेल्या माणसानं ‘छत्री’ म्हणून दाखवायचं? त्यानं सगळी चित्रं पालथी घालून ठेवली.

नणंद त्याला न्यायलाच आली होती. आपल्या घरी ठेवायचं, रोज समोर बसायचं, गोडीगुलाबीनं बोलतं करायचं. आणि इथे बायको काय करतेय, तर माळ्यावरचं जुन्या स्कॅनरचं धूड खाली काढून त्याच्याशी झटापट. कारण विचारलं तर म्हणाली, एका गिऱ्हाइकाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, सोडवायला गेलं तर फाटेल. नवा स्कॅनर काचेवरून फोटो धूसर काढतो, या जुन्याला काचेआडचंही स्वच्छ दिसतं. असेल. पण नवरा असा बसलेला असताना हिला फोटोचं पडलंय, हे काही नणंदेच्या गळी उतरेना.

शिवाय बाईला त्यातलं काही येत असतं तर एक वेळ चाललं असतं. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला मागे केबल लावायला एकच रुंद पोर्ट. त्यात स्कॅनर लावायचा आणि स्कॅनरच्या पाठीत प्रिंटर. वहिनीनं नेमकं उलटं केलं. दादा खुर्चीत चुळबुळला. मग तिनं केबल बदलली, पण आधी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यानंतर सावकाश स्कॅनर. कॉम्प्युटर बिचारा उठल्या उठल्या शोधणार आणि तेव्हा स्कॅनर झोपलेला. सापडेल कसा? दादानं डावा हात उचलून बोट दाखवलं. पाठमोऱ्या वहिनीला ते दिसलं नाही. तिनं ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला आणि पुन्हा तीच चूक केली.

‘‘वहिनी, दादा काहीतरी दाखवतोय,’’ नणंद म्हणाली.

‘‘मला खुणांमधलं काही कळत नाही, वन्सं,’’ वहिनी मागे न वळता म्हणाली. ‘‘सांगायचं असेल तर तोंडानं सांगावं.’’

नणंदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजारी माणसाशी असं बोलतात? तिनं आवाज चढवला नाही. दादाचे कपडे भरून द्या, संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघतो, एवढंच सांगितलं. वहिनीनं मान डोलावली, सगळं बंद केलं आणि तिचं बोट पुन्हा कॉम्प्युटरच्याच बटणाकडे गेलं.

‘‘आ... आधी स्कॅनर.’’

शब्द जड होता, वाकडा होता, पण होता. नणंद दाराला धरून उभी राहिली. वहिनी वळली. काय म्हणालात, नीट ऐकू आलं नाही, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं.

‘‘आधी स्कॅनर गं! मग... कॉम्प्युटर.’’ दादा चक्क वैतागला होता.

त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. स्कॅनर सापडला. आतला दिवा सरकायला गेला आणि कर्रकर्र करत जागीच अडला. खालचा चमचा काढ, दादा ओरडला. मग थांबला, डोळे मिटले, शब्द पुन्हा शोधला आणि म्हणाला, स्क्रू. खालचा स्क्रू. मशीन हलवताना आतला दिवा जखडून ठेवायला पोटाखाली एक स्क्रू असतो, तो वहिनीनं सोडवलाच नव्हता. ‘चमच्या’ला कोणी हसलं नाही. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

फ्रेम काचेवर पालथी ठेवल्यावर दिवा शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पडद्यावर फोटो उमटू लागला. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दादा चाचरत, अडखळत, पोर्ट असा आणि केबल तशी, असं सांगत सुटला होता. नणंदेच्या डोळ्यांना धार लागली होती. संध्याकाळची गाडी ती विसरूनच गेली. वहिनी फ्रेम उचलून फडक्यानं स्कॅनरची स्वच्छ काच पुसत होती.

‘‘दादा,’’ नाक ओढत नणंद म्हणाली, ‘‘वहिनीला यातलं काही येत नाही, ते एका परीनं बरंच झालं.’’

दादानं बायकोच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, ‘‘तिला... सगळं येतं. मला... तिनंच शिकवलंय.’’