दुपट्ट्याखालचा वक्ता

खुशालरावांनी अमरावतीच्या मोफत गुंतवणूक सेमिनारमधून एक वक्ता विकत घेतला. मात्र असं काही घडलंच नाही, असं त्यांच्या मुलाचं, पियुषचं म्हणणं आहे. पोरगा शिकलेला आहे. तेव्हा काही घडलं नाही असं धरूनच सुरुवात करू.

बापलेक वलगावहून निघाले होते मूर्तिजापूरला. तिथल्या नत्थुजींची म्हैस पसंत पडली होती, आणि संध्याकाळपर्यंत इसार हातात पडला नाही तर ती दुसऱ्याच्या दावणीला जाणार होती. इसाराचे पाच हजार खुशालरावांच्या बंडीच्या आतल्या खिशात होते, वरून सेफ्टी पिन. घरी खुशालरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, गोठा झाडून खुंटा ठोकून ठेवला होता.

"फुकट हाये बाबा. एसी हाये," अमरावतीच्या स्टँडवर बोर्ड वाचून पियुष म्हणाला. "गाडीले टाइम हाये. आयकून तं पाहू, फायद्याचं हाये का नाई."

हॉलमध्ये थंडी अशी, की खुशालरावांनी खांद्यावरचा दुपट्टा कानाला गुंडाळला. वक्ता कोट घालून आला. आपण गरीब कसे होतो ते त्यानं आधी सांगितलं, मग श्रीमंत झाल्यावर कसं वाटतं ते सांगितलं. मधला भाग पैसे भरायच्या कोर्समध्ये होता. पडद्यावर एक हिरवी रेघ वर गेली. लोकांनी रेघेला टाळ्या वाजवल्या. शेवटी तो म्हणाला, जे कोर्स घेतील त्यांच्यासोबत मी स्वतः आयुष्यभर उभा राहीन.

खुशालराव जनावर पारखावं तसं ऐकत होते. दात चांगले होते. चालही दमदार होती. पण दुधाचं काही कळेना, म्हणून त्यांनी उठून विचारलं, की साहेब, तुम्ही स्वतः या बाजारात औंदा किती कमावलं. वक्ता म्हणाला, फार सुंदर प्रश्न. मग त्यानं दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर दिलं.

"भाकड हाये," खुशालराव पियुषच्या कानात म्हणाले. "चाल, गाडी सुटन."

गोष्ट इथंच संपायची. पण वक्ता दारातच उभा होता, आणि त्यानं हात पुढं करून विचारलं, "मग काय ठरलं काका?"

आता बैलबाजारात कुणी तोंडानं भाव सांगत नाही. हातावर दुपट्टा टाकायचा, आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार, अख्खा पंजा म्हणजे पाच. पंजा धरून हात हलवला आणि समोरच्यानं सोडवून घेतला नाही, की सौदा पक्का. चारचौघांत कुणाच्या मालाला भाकड म्हणणं खुशालरावांच्या रीतीत बसत नव्हतं. एकच बोट दाबू, हा हात झटकेल, दोघंही अब्रूनं आपापल्या वाटेला लागू, असा त्यांचा विचार. त्यांनी दुपट्टा टाकला आणि एक बोट दाबलं.

वक्त्यानं दोन्ही हातांनी अख्खा पंजा धरला आणि जोरजोरात हलवला. खुशालराव हात ओढून घेणार, तेवढ्यात फोटो काढणारा म्हणाला, काका, असेच राहा. ते तसेच राहिले. फोटो चांगला आला.

"झालं," बाहेर येऊन ते म्हणाले आणि बंडीची पिन काढू लागले. "हात देल्ला."

"बाबा, त्याले मालूमबी नाई का सौदा झाला म्हून."

"मले मालूम हाये ना."

पियुषनं कपाळावर हात मारला. तोवर टेबलामागं नावनोंदणी करणाऱ्या प्रणाली नावाच्या पोरीनं पाच हजार घेऊन टाकले होते. ती म्हणाली, हे टोकन आहे, बाकीचे नंतर, आणि टोकन परत मिळत नाही. खुशालरावांनी बाकीचं ऐकलंच नाही. किंमत चुकती झाली होती. त्यांनी फक्त माल केव्हा न्यायचा ते विचारलं. प्रणाली म्हणाली, सर आता अकोल्याला निघाले, संध्याकाळी तिथं सेमिनार आहे.

"विकलेलं जनावर पुन्हा बाजारात उभं करता?" खुशालरावांनी विचारलं. "कावून?"

प्रणालीनं त्यांना पाण्याची बाटली दिली. फुकट होती.

पियुष पैशासाठी भांडत राहिला. आधी खुर्च्या उचलल्या, मग एसी बंद झाला, मग ज्याच्याशी तो भांडत होता तो हॉलचा वॉचमन निघाला. मूर्तिजापूरची गाडी तेवढ्यात सुटली. अंधार पडता पडता नत्थुजींचा फोन आला. त्यांनी वाट पाहिली होती, पण दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन दारात उभं होतं. म्हैस गेली.

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गोठ्यात जाऊन खुंटा हलवून पाहिला. पक्का होता. मग त्यांनी पियुषला कागद आणायला लावला.

"लिव," त्या म्हणाल्या. आणि असं काही घडलंच नाही म्हणणाऱ्या पियुषनं आई सांगत गेली ते साहेबी भाषेत उतरवलं:

"मा. सचिव, कृषी उत्पन्न बाजार समिती यांस. महोदय, सदर वक्ता आम्ही रीतसर दुपट्ट्याखाली, पूर्ण किंमत देऊन खरेदी केलेला असून तो अद्याप आमच्या ताब्यात मिळालेला नाही. तो अकोल्याच्या बाजारात पुन्हा उभा केल्याचे समजते. आयुष्यभर सोबत उभे राहण्याचे त्याने सर्वांसमक्ष कबूल केलेले आहे. तरी त्यास ताब्यात घेऊन वलगाव येथे आमच्या गोठ्यात पोचता करावा, ही नम्र विनंती. खुंटा ठोकलेला आहे."